अंगावरून जाणारं

मी आठवीत असेन. आई परसात धुणं धूत होती आणि मी दोरीवर कपडे वाळत टाकत होते. माझी चड्डी हातात आल्यावर ती थांबली, बोटाने चोळून पाहिली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तुला अंगावरनं जातंय व्हय गं?"

काय जातंय ते मला कळलं नाही. पाळी सुरू झालेली होती, पण तेव्हा मी बाजूला बसलेली नव्हते.

"पांढरं गं," आई म्हणाली. "कवापासनं हाय हे? सांगायचं न्हाय का?"

तेव्हापासून आपल्याला एक रोग आहे असं मी धरून चालले. कागलच्या अलीकडच्या आमच्या खेड्यात या रोगाला सगळ्या बायका घाबरत. अंगावरून पांढरं जायला लागलं की हाडं पोकळ होतात, कंबर धरते, बाई आतून वाळत जाते, असं म्हणत. आई मला रोज सकाळी तांदळाचं धुवण प्यायला द्यायची. मी नाक मुरडलं की पाठीवरून हात फिरवायची. डॉक्टरकडे न्यायचं तिच्या मनात आलं नाही. लग्न न झालेल्या मुलीला असल्या कारणाने दवाखान्यात नेलं हे चारचौघींत झालं असतं, तर उद्या मला पाहायला येणाऱ्यांच्या कानावर ते आधी गेलं असतं.

मग मीच त्या पाण्यावर पाळत ठेवू लागले. ते रोज सारखं नसायचं. कधी पिठाच्या खळीसारखं घट्ट, कधी अजिबात नाही. दोन पाळ्यांच्या मधले काही दिवस मात्र ते पातळ आणि काचेसारखं स्वच्छ व्हायचं. बोटांत धरलं तर साखरेच्या पाकासारखी तार निघायची. त्या दिवसांत परकर ओला व्हायचा आणि शाळेच्या बाकावरून उठताना मी आधी मागे वळून बघायची. मला वाटायचं, हेच आपल्या रोगाचे सगळ्यात वाईट दिवस.

तांदळाच्या धुवणाने त्यात काडीचा फरक पडला नाही. पुढे कॉलेज झालं, टायपिंग आणि डीटीपी शिकले, लग्न झालं, आणि रोग माझ्याबरोबर सासरी आला.

सासर शहरात, मंगळवार पेठेत. खाली दोन खोल्या, वर लाकडी फळ्यांची माडी. नवरा उद्यमनगरात लेथ मशीनवर काम करतो. सासरे, म्हणजे मामा, निवृत्त होते आणि दारातल्या कट्ट्यावर पेपर घेऊन बसत. सासूबाईंना मी आत्ती म्हणते. त्यांच्या माहेरी, सीमेकडच्या गावात, तसंच म्हणतात. आत्ती उंच, आवाज खणखणीत, बोलणं तोंडावर. मी आल्यापासून त्या मला एकदाही टाकून बोलल्या नव्हत्या. पण त्या हळू आवाजात काही विचारायला लागल्या की मी हातातलं काम उगीच घाईने करायला लागायची, कारण हळू आवाज त्या एकाच विषयासाठी राखून ठेवत.

"काय गं? हाय का काय?"

"न्हाय आत्ती. कालच आली."

पाळीचं उत्तर मी असं दर महिन्याला देत राहिले. लक्ष्मीपुरीतल्या ज्या छापखान्यात मी काम करत होते, तिथे लग्नपत्रिकांखालोखाल बारशाच्या पत्रिका यायच्या. ज्यांच्या लग्नपत्रिका मी जुळवल्या होत्या, त्यांची नावं आता बारशाच्या पत्रिकेत दिसायची. मी शुद्धलेखन नीट तपासायची आणि फाइल पुढे पाठवायची.

आणि एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. ते तार धरणारं पाणी यायला लागलं की मी नवऱ्याला जवळ येऊ द्यायची नाही. आपला रोग त्याला लागेल अशी भीती वाटायची. त्याहून जास्त लाज वाटायची, की त्याला तो ओलेपणा कळेल आणि किळस येईल. "कंबर दुखतीय" म्हटलं की तो "बरं, पड" म्हणून कूस बदलायचा. पाणी कमी झालं, अंग कोरडं वाटायला लागलं, की मी स्वतःहून त्याच्याकडे वळायची. माझ्या हिशेबाने तेव्हा मी बरी झालेली असायची.

दर पौर्णिमेला आत्ती मला नृसिंहवाडीला घेऊन जायच्या. अशाच एका पौर्णिमेला घाटावर नदीत पाय सोडून आम्ही बसलो होतो. आत्तींनी इकडेतिकडे पाहिलं आणि तोच हळू आवाज काढला.

"तुझा परकर बघितला मी काल. तुला अंगावरनं जातंय."

मी मान खाली घातली.

"अगं, लाजतीस कशाला? मला सांगायचं न्हाय व्हय? पोतं फाटकं असलं तर दाणं टिकत्यात व्हय त्यात? त्याच्या बियाला तिथं थारा कसा मिळंल? समदं वाहून जातंय."

इतक्या वर्षांनी कोणीतरी माझ्या मनातलीच भीती मोठ्याने बोलून दाखवली होती. मला रडू आलं. आत्तींनी पदराने माझे डोळे पुसले. "रडू नगं. हाय त्याच्यावर औषध."

औषध म्हणजे तुरटी. कोमट पाण्यात तुरटीचा खडा फिरवायचा आणि त्या पाण्याने आतपर्यंत बोट घालून धुवायचं. "समदं आवळून येतंय," आत्ती म्हणाल्या. मी त्याच आठवड्यात सुरुवात केली. पहिल्या दिवशी इतकं झोंबलं की मी मोरीत भिंतीला टेकून उभी राहिले. पण झोंबतंय म्हणजे औषध लागू पडतंय असं मला वाटलं. आणि खरंच पाणी कमी झालं. आत्ती विचारायच्या, मी हो म्हणायची, आणि आम्हा दोघींना बरं वाटायचं.

दिवस मात्र राहिले नाहीत.

छापखान्यात बायंडिंगला एक चाची होत्या, वयाने माझ्या आईएवढ्या. पत्रिकांना घड्या घालता घालता एकदा त्या म्हणाल्या, "माझ्या सुनेला ज्या मॅडमनी बघितलं, त्यांच्याकडं जाऊन ये की. शिवाजी पेठेत हायत. वयस्कर हायत, पण आरडत न्हाईत." आरडत नाहीत, हे ऐकूनच मी जायचं ठरवलं. त्याआधी एका दवाखान्यात "इतके दिवस काय झोपला होता?" असं सगळ्यांसमोर ऐकून आले होते.

मॅडम खरंच आरडल्या नाहीत. त्यांनी तपासलं, रक्त तपासायला दिलं, सोनोग्राफी केली आणि नवऱ्याचं वीर्य तपासायला सांगितलं. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर नवरा गाडी न काढता तसाच उभा राहिला.

"माझं कशाला? माझ्यात काय खोट हाय व्हय?"

"मॅडम म्हणतात, दोघांचं बघायला लागतं."

"बघतो," तो म्हणाला आणि बरेच दिवस गेलाच नाही. मी विचारलं की कामाचं कारण सांगायचा. शेवटी गेला तेव्हा लॅबमधल्या छोट्या खोलीत त्याला जमेना. बाहेर लोक वाट बघत होते, कोणीतरी दार वाजवलं, आणि तो तसाच घरी परत आला. त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्यांदा गेला आणि रिपोर्ट घेऊन आला. माझ्या हातात देताना त्याचे कान लाल झाले होते. थोडं उन्नीस-बीस असलं तरी चालण्यासारखं होतं. मला हायसं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच. त्याचं ठीक म्हणजे दोष माझाच.

मॅडमनी सगळे कागद पाहिले. सोनोग्राफीत माझं स्त्रीबीज वेळेवर वाढताना दिसत होतं, नळ्यांचा एक्स-रे काढला होता, त्याही मोकळ्या होत्या. "मग अडतंय कुठे?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग एक तपासणी सुचवली. "हल्ली ही कोणी फारशी करत नाही. पण मला एकदा बघायचंय. मी सांगेन त्या दिवशी सकाळी दोघं एकत्र या, आणि मग दवाखान्यात ये. नंतर धुवायचं नाही."

"एकत्र या म्हणजे?" मी विचारलं. नवऱ्याने माझ्या पायावर पाय ठेवला. त्याला कळलं होतं.

तो दिवस ठरला आणि मी आदल्या संध्याकाळपासून धास्तावले. आमच्या माडीवर पाऊल टाकलं तरी खाली फळी वाजते. मामा उजाडायच्या आत उठतात, आत्ती त्यांच्याही आधी. दिवसाउजेडी नवरा-बायको वर गेले तर खाली काय समजतील? आणि वेळेत जमलं नाही तर? लॅबमधून परत आला तेव्हाचं त्याचं ते उतरलेलं तोंड मला आठवत होतं. सकाळी मी मोरीत गेले. मॅडम आज आतलं बघणार, तर स्वच्छ असलेलं बरं, म्हणून तुरटीच्या पाण्याने नेहमीपेक्षा जास्त वेळ धुतलं. नंतर धुवायचं नाही असं त्यांनी सांगितलं होतं. आधीचं काही सांगितलं नव्हतं.

नवरा अंघोळ करून आला आणि आत्तींना म्हणाला, "डोकं धरलंय जरा. वर पडतो." थोड्या वेळाने मी बाम घेऊन वर गेले. आम्ही दोघंही घाबरलेलो. एकमेकांच्या तोंडाकडे बघत नव्हतो. खाली मामा खोकत होते, भांडी वाजत होती. मधेच जिन्यातून आत्तींचा आवाज आला, "च्या गार व्हायला लागलाय की!" तो थांबला. मी त्याचा हात घट्ट धरला आणि वरूनच म्हणाले, "आलो आत्ती, बाम लावतीय." त्याला हसू फुटलं, मलाही. तेवढ्यामुळेच त्या दिवशी जमलं, असं मला अजून वाटतं.

मग गाडी. मी मागे गुडघे आवळून बसले, पोटातलं पाणी हिंदकळू नये अशी. शिवाजी पेठेत शिरलो तर पुढे रस्ता बंद. आदल्या दिवशी फुटबॉलची फायनल झाली होती आणि जिंकलेल्या क्लबची पोरं झेंडे लावलेल्या मोटरसायकली आडव्या घालून रॅलीला जमली होती. हलग्या वाजत होत्या. गुलाल उडत होता.

"वाट सोडा की," नवरा म्हणाला. "दवाखान्यात जायचंय."

"काय झालं पावणं?" एकाने विचारलं. मग माझ्याकडे बघून मोठ्याने ओरडला, "ए, सरका, सरका. वहिनीस्नी घेऊन दवाखान्यात निघाल्यात." सगळी पोरं दोन्ही बाजूंना झाली आणि आम्ही त्यांच्या मधून गेलो. मी पदर डोक्यावर ओढून घेतला होता. जणू सगळ्या पेठेला आम्ही काय करून आलोय ते दिसत होतं.

मॅडमनी आतून थेंबभर पाणी घेतलं, काचेवर पसरलं आणि खोलीतल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. त्या काच इकडेतिकडे सरकवत राहिल्या. पडद्यापलीकडे मी साडी सारखी करत होते.

"इकडे या दोघं," त्या म्हणाल्या.

मी डोळा लावला. करड्या उजेडात बारीक शेपट्यांचे ठिपके पडलेले दिसले. झाडून ठेवलेल्या कोंड्यासारखे, निपचित.

"हलत का नाहीत?" नवऱ्याने विचारलं.

"तेच मी बघतेय. तुमच्या रिपोर्टात तर हलत होते." मॅडम माझ्याकडे वळल्या. "तू आतून काही लावतेस का? काही धुतेस?"

मी सांगितलं. तुरटी, रोज, आजसुद्धा. नवरा माझ्याकडे बघत राहिला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. मग मॅडमनी बाकीचं विचारलं आणि तांदळाच्या धुवणापासून सगळं मी सांगत गेले. पाणी कधी जास्त असतं, कसं असतं, असं त्यांनी विचारलं तेव्हा त्याची तार निघते तेही सांगितलं.

"अंड्यातल्या पांढऱ्यासारखं?"

"हो."

"आणि त्या दिवसांत तुम्ही जवळ येता?"

मी नाही म्हणाले. नवऱ्याने खाली बघितलं. "ती म्हणायची कंबर दुखतीय," तो म्हणाला.

मॅडम खुर्चीत बसल्या. आम्हालाही बसा म्हणाल्या. "बाळ, खाज नाही, वास नाही, रंग बदललेला नाही. हा रोग नव्हताच कधी. हे पाणी गर्भाशयाच्या तोंडाशी तयार होतं. एरवी ते घट्ट असतं, दाराला बूच लावल्यासारखं. बीज सुटायची वेळ आली की पातळ होतं, म्हणजे वाट उघडते. योनीमार्ग तसा आंबट असतो, बाहेरचं काही आत शिरू नये म्हणून. वीर्यातलं पाणी तो आंबटपणा थोडा वेळ मारतं, तेवढ्यात शुक्रजंतूंनी या तारेच्या पाण्यात शिरायचं. तिथे ते तगून राहतात. तू त्या दिवसांत नवऱ्याला लांब ठेवलंस, आणि वाट तुरटीने आटवलीस."

"म्हणजे मीच..." मी म्हणाले.

"तुला कोणी सांगितलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "आणि हेच एक कारण असेल असंही मी म्हणत नाही. पण आधी हे बंद करू आणि बघू."

परत येताना नवऱ्याने गाडी सावकाश चालवली. उभ्या रस्त्यात मला त्याची पाठच दिसत होती. तो चिडलाय का, ते मला कळेना. घराच्या वळणावर त्याने गाडी बाजूला घेतली आणि मागे न बघता म्हणाला, "मला वाटायचं, मी नको असतोय तुला. त्या दिवसांत."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. रस्त्यात, सगळ्यांसमोर.

आत्तींना सांगणं सगळ्यात अवघड होतं. त्यांना राग येईल, किंवा त्या डॉक्टरलाच खोटं ठरवतील, असं धरून मी गेले. त्या मेथी निवडत होत्या. मी समोर बसून जुड्या सोडायला लागले आणि जेवढं जमेल तेवढं सांगितलं. त्यांचे हात आधी सावकाश झाले, मग थांबले.

"तुरटीनं मरत्यात म्हणाली?"

"व्हय. आणि पाणी आटतं म्हणाल्या."

"मला माझ्या सासूनं सांगितलं व्हतं," आत्ती म्हणाल्या. "मोरीच्या दारात हुबी राहायची. धुतलंस का, म्हणून इचारायची. मी रोज धुत हुते." त्यांनी निवडलेली पानं पुन्हा काड्यांत मिसळली होती, ते त्यांच्या लक्षात आलं नाही. "तुझा नवरा लई वर्सानी झाला. तवर काय काय ऐकलं ते माझं मला ठावं. माझी आई आजारी पडली तवा म्या माहेराला जाऊन राहिले. तुझे मामा अधनंमधनं यायचे. तिथं कोण मला इचारतंय, धुतलंस का म्हणून? तिथनं आले ती दिवस घेऊनच आले. मी म्हटलं, वाडीच्या देवानं दिला."

मी पानं पुन्हा वेगळी करत म्हणाले, "मॅडमना विचारूया का आत्ती?"

"नगं. आता इचारून काय करायचं?" त्या पदराने तोंड पुसत म्हणाल्या. "आनि तुला बी म्याच दिली तुरटी."

मेथी तशीच ठेवून त्या उठल्या आणि मोरीकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा दाढी करून मोरीत शोधाशोध करत होते. "माझी तुरटी कुणी न्हेली?" आत्ती चहा गाळत राहिल्या.

पुढच्या महिन्यात मॅडमनी पुन्हा बोलावलं. आदल्या रात्री जेवताना मी फक्त "उद्या सकाळी दवाखाना आहे" म्हणाले होते. उजाडायच्या आत आत्ती मामांना उठवत होत्या.

"पहिल्या गाडीनं वाडीला जायचं. उठा."

"आज काय हाय?"

"काय असल्याबिगर जायचं न्हाय व्हय?"

मामा गुडघ्याला पट्टा बांधत कुरकुरत निघाले. जाताना आत्तींनी बाहेरून कडी ओढून घेतली, शेजारणीने डोकावू नये म्हणून. आतून आम्ही कोंडले गेलो आणि शेवटी नवऱ्याला खिडकीतून समोरच्या दुकानदाराला हाक मारून दार उघडून घ्यावं लागलं, ही गोष्ट मात्र आम्ही आजवर त्यांना सांगितलेली नाही.

या वेळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचं धाडस मला होईना. मॅडमनी आधी नवऱ्याला बोलावलं. तो वाकला आणि तसाच राहिला. "पळाय लागल्यात की," तो म्हणाला. मग मी पाहिलं. सगळे नाही, पण कितीतरी ठिपके शेपट्या हलवत एका दिशेने चालले होते. ज्या पाण्यापायी मी आठवीपासून तोंड लपवत आले, त्यातूनच ते पोहत होते. मी डोळा काढेना, तेव्हा मॅडमनी हळूच खांद्याला धरून मला बाजूला केलं.

तरी त्या महिन्यात दिवस राहिले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. आता काय करायचं हे कळलं होतं, म्हणून चुकण्याची भीती उलट वाढली. मी दिवसातून सतरांदा मोरीत जाऊन बघायची. तार आली की आनंद, आणि लगेच घोर, की हे पाणी तरी खरं आहे ना? नवऱ्याला कारखान्यात फोन करायची तर तिकडे मशीनच्या आवाजात त्याला ऐकू यायचं नाही आणि मला मोठ्याने सांगता यायचं नाही. एकदा तो वैतागून म्हणाला, "अगं, मी काय पंप हाय व्हय? हाक मारली की चालू?" आम्ही दोन दिवस अबोला धरला, आणि ते नेमके तेच दिवस होते. मी ढसाढसा रडले.

मग एका महिन्यात पाळी आली नाही. मी आत्तींना सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. खात्री झाल्यावरच बोलले. आत्तींनी ऐकलं, स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

पोटुशी असतानाचे महिने सुखाचे गेले असं मला म्हणता येणार नाही. अंगावरून थोडंही काही गेलं तरी मी गारठायची. पाणी आलं तर वाटायचं फुटलं. कोरडं वाटलं तर वाटायचं आत काही राहिलं नाही. मॅडमना मी इतक्यांदा फोन केला की शेवटी त्या "हॅलो"च्या आधीच "रंग कसला आहे?" म्हणून विचारायच्या. शेवटच्या आठवड्यात चिकट, गुलाबीसर गोळा पडला तेव्हा मी किंचाळले आणि आत्तींनी रिक्षा बोलावली. तोंडावरचं बूच सुटलंय, आता वेळ जवळ आली, एवढाच त्याचा अर्थ होता. बाळाचे ठोके मंदावले म्हणून सिझर करावं लागलं. मुलगी झाली. आत्तींनी तिला हातात घेऊन आधी तिची बोटं मोजली.

मुलगी अंगावर पीत होती, पाळी परत आली नव्हती, आणि तोवर काही भीती नाही असं शेजारणी सांगत. एक दिवस मोरीत मला ती तार दिसली. स्वच्छ, लांब. ज्यासाठी मी इतकी तडफडले, ते बघून माझ्या अंगावर काटा आला. आदल्याच दिवशी आम्ही जवळ आलो होतो. पोटावरचे टाके अजून ओढत होते. मुलीला उचलतानाही मी दम धरायची. पाळी येईपर्यंत मी कोणाशी धड बोलले नाही. आली तेव्हा पुन्हा रडले, या वेळी सुटल्यासारखी.

मॅडमनी औषधाची तांबी सुचवली. गर्भाशयात बसवायची. तिच्यातून बारीक बारीक औषध सुटत राहतं आणि मुख्य म्हणजे तोंडावरचं पाणी इतकं घट्ट होतं की शुक्रजंतूंना आत शिरता येत नाही. ऐकताना माझं मन मला खाऊ लागलं. ते पाणी जिवंत राहावं म्हणून एवढं केलं, आणि आता आपणच त्याला घट्ट करायचं? घरी आल्यावर मी आत्तींना भीत भीत सांगितलं. त्यांना नातू हवा असेल असं माझ्या मनात होतं.

"बसवून घे," त्या मुलीला मांडीवर थोपटत म्हणाल्या. "तुझं अंग भरू दे आधी. दुसरं झालं तर झालं, न्हाय तर न्हाय. मला एकच हाय, काय अडलं?"

बसवायच्या दिवशी टेबलावर पडल्या पडल्या मी मॅडमना विचारलं, "ही काढली की ते पाणी परत येईल ना?"

"येतं. बहुतेकींना लवकर येतं."

"बहुतेकींना?"

"बाळ, मी कशाचीच शंभर टक्के खात्री देत नाही. तुला ते माहीत आहे. बसवू का?"

मी हो म्हणाले. पोटात एक कळ आली आणि झालं. बाहेर नवरा उभाच होता. माझा चेहरा बघून त्याने गाडी तिथेच लावून ठेवली आणि रिक्षाला हात केला. रिक्षात बसल्यावर मी ओटीपोटावर हात धरला. दुखतंय का, असं त्याने विचारलं. थोडं दुखत होतं. पण मी विचार करत होते तो त्या बहुतेकींचा, आणि त्यांच्यात मी असेन की नसेन याचा. तेवढ्यात आत्तींचा फोन आला, की पोरगी उठलीय आणि भूक लागल्यासारखी करतीय, किती वेळ लागंल?